कॉलेजसाठी लॅपटॉप: स्टिकर वाचू नका, पूर्ण नंबर विचारा

इंजिनिअरिंग प्रवेशाची शेवटची फेरी अजून व्हायची असते आणि घरात लॅपटॉप येऊन पडलेला असतो. कॉम्प्युटर शाखा मिळणार या हिशेबाने घेतलेला, आणि मुलगी लागते सिव्हिलला. किंवा मेकॅनिकल धरून जाडजूड ग्राफिक्स कार्डवाला घेतला आणि प्रवेश झाला बीसीएसला. आता पोरगा अडीच किलोचं ओझं पाठीला लावून तासगाव-सांगली एसटीत उभा. म्हणून शाखा आणि कॉलेज पक्कं होईपर्यंत पैसे बँकेतच राहू द्या.

थांबल्यानं अडत काही नाही. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं: सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्राम, ग्राफिक्सचं ड्रॉइंग, वर्डमधले रिपोर्ट. कराडचं शासकीय अभियांत्रिकी असो की सांगलीचं वालचंद, एवढं काम लॅबमध्ये उरकतं. दिवाळीपर्यंत थांबलात तर वरच्या वर्गातली मुलं खरंच कोणतं सॉफ्टवेअर वापरतात ते कळतं, आणि खरेदीची निम्मी उत्तरं तिथंच मिळतात.

शाखा सांगते काय घ्यायचं

बीए, बीकॉम, लॉ, फार्मसी, कृषी यांना वर्ड, एक्सेल, टॅली, पीडीएफ आणि ब्राउझर एवढंच लागतं. ८ जीबी रॅम (चालू काम ठेवायची जागा), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) आणि साधा पण नवा प्रोसेसर पुरतो. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड फुकट मिळतो. श्रीलिपीसारखी पॅकेजं छपाईच्या कामाला लागतात, असाइनमेंटला नाही.

बीसीए, बीसीएस, कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनी १६ जीबी रॅमच्या खाली येऊ नये. हिशेब सोपा आहे. विंडोज ११ नुसतं चालू करून बसलं तरी तीन-चार जीबी खातं. क्रोममध्ये दहा-बारा टॅब उघडले की आणखी दीड-दोन गेले. त्यावर मोबाइल अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा इम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालू केला की ८ जीबीचं मशिन डिस्कवरून उसनवारी करायला लागतं आणि माउसचा बाणसुद्धा अडखळतो. इथं ग्राफिक्स कार्ड मात्र लागत नाही. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांचा सुरुवातीचा सराव गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्याच कॉम्प्युटरवर, फुकटात होतो.

सिव्हिल आणि मेकॅनिकलला ऑटोकॅड, रेव्हिट, सॉलिडवर्क्स, स्टॅड, ईटॅब्स ही मंडळी येतात. यांपैकी ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे, बाकीची मॅकवर थेट चालत नाहीत. मॅकबुक एअर हलकं, टिकाऊ, बॅटरीला दमदार, सगळं खरं. पण या दोन शाखांना ते घेऊन देणं म्हणजे उसाच्या गाडीला शर्यतीचा बैल जुंपणं. या मुलांनी १६ जीबी रॅम आणि एच अक्षराचा प्रोसेसर पाहावा (हे अक्षर काय ते खाली येतंच). ऑटोडेस्क कंपनीची सॉफ्टवेअरं (ऑटोकॅड, रेव्हिट) विद्यार्थ्याला फुकट मिळतात, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा दुकानदारानं ‘सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हटलं तर हात जोडावेत. क्रॅक केलेल्या ऑटोकॅडबरोबर घरात व्हायरस येतो.

आर्किटेक्चरची गोष्ट वेगळी. स्केचअप, रेव्हिट आणि लुमिऑनसारखं रेंडरिंग म्हटलं की स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवंच, तेही ६ जीबीचं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी डिस्ककडे लक्ष द्यावं, कारण मॅटलॅब आणि व्हिवाडो ही दोनच पॅकेजं मिळून कित्येक जीबी जागा अडवतात. २५६ जीबीची डिस्क दुसऱ्या वर्षीच भरून वाहायला लागते.

‘आय फाइव्ह आहे’ हे उत्तर अर्धवट आहे

काउंटरवर सगळ्यात जास्त फसगत इथं होते. ‘आय फाइव्ह आहे’ म्हणणं म्हणजे ‘एसटी आहे’ म्हणण्यासारखं झालं. लालपरी की शिवशाही, कुठल्या सालची, ते कुठं कळलं? पूर्ण नंबर विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

इंटेलचा नंबर आय५-१२३५यू असा असेल तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात, इथं बारावी. शेवटचं अक्षर ताकद सांगतं. यू म्हणजे वीज कमी खाणारा, बॅटरी जपणारा. एच म्हणजे जास्त वीज, जास्त जोर, जास्त उष्णता. म्हणूनच आय७-१२५५यू पेक्षा आय५-१२४५०एच हा लांबचलांब चालणाऱ्या रेंडरिंगला सरस ठरतो. आय७ मध्ये जोरदार कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) दोनच आहेत, आय५ मध्ये चार. स्टिकरवर सातचा आकडा बघून दहा हजार जास्त मोजणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलनं नव्या मालिकांच्या नावातून ‘आय’ काढलं. ‘कोअर ५ १२०यू’ किंवा ‘कोअर अल्ट्रा ५ १२५एच’ असं दिसलं तर दचकू नका, शेवटच्या अक्षराचा नियम तोच.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये सापळा आणखी बारीक आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या दोन नंबरांत फरक एका आकड्याचा. पण या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये दोन नंबरची जुनी रचना आणि चार कोअर. ७५३०यू मध्ये तिसरी रचना आणि सहा कोअर. दोन्हींवर स्टिकर ‘रायझन ५’, दोन्हींच्या नंबरात पुढं सात. किमतीतला फरक थोडा असेल तर दुसरा घ्या. ७५२०यू मध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तेव्हा ८ जीबीचा घेतला तर मरेपर्यंत ८ जीबीच.

सेलेरॉन, किंवा एन१००, एन२०० अशा एन अक्षराच्या चिपा टायपिंग आणि व्हिडिओ लेक्चरसाठी ठीक. प्रोग्रामिंग, कॅडला त्या घेऊ नयेत.

जे नंतर बदलता येत नाही त्यावर पैसे घाला

प्रोसेसर बदलता येत नाही. स्क्रीन बदलणं परवडत नाही. एसएसडी बहुतेक मॉडेलांत बदलता येते. रॅमचं मॉडेलागणिक वेगळं: काहींत दोन स्लॉट, काहींत ८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा, काहींत स्लॉटच नाही. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत ‘जास्तीत जास्त मेमरी’ आणि स्लॉटची संख्या लिहिलेली असते, ती पाहूनच दुकानात जा. ‘नंतर वाढवता येते’ या तोंडी वाक्यावर विसंबू नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत. त्यामुळे ‘आत्ता ८, पुढच्या वर्षी आणखी ८’ हा जुना मार्ग पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही; दोन्ही भाव एकाच दिवशी विचारून तुलना करा. वाढवायचीच असेल तर डीडीआर४ आणि डीडीआर५ ची पट्टी एकमेकींच्या जागी बसत नाही, खाचच वेगळ्या ठिकाणी असते. मशिन उघडल्यानं वॉरंटी जाते का, हे दुकानदाराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. पण ‘ईएमएमसी’ (एसएसडीपेक्षा संथ, स्वस्त साठवण) असं लिहिलेलं ६४ किंवा १२८ जीबीचं मशिन कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. विंडोजच्या अपडेटनाच तिथं जागा पुरत नाही.

स्क्रीन दुकानात तपासायची एक साधी रीत: गडद रंगाचा फोटो उघडा आणि झाकण हळूहळू मागं-पुढं करा. रंग उलटेपालटे, निगेटिव्हसारखे दिसायला लागले तर ते टीएन पॅनल. बाजूला सारा, कुठूनही रंग नीट दाखवणारं आयपीएस मागा. रेझोल्यूशन १९२० बाय १०८० च्या खाली नको. १३६६ बाय ७६८ वर ऑटोकॅड उघडलं की अर्धी स्क्रीन टूलबारांनीच भरते. उजेड २५० निट्स हा किमान आकडा. खिडकीजवळ किंवा पडवीत बसून काम करणाऱ्यानं ३०० पाहावा.

बॅटरीचे तास जाहिरातीत वाचू नका, वॅट-अवर वाचा. वर्ड-ब्राउझरच्या कामात साधा लॅपटॉप साधारण आठ-दहा वॅट खातो. ४२ वॅट-अवरला दहानं भागलं तर चार तास, आठानं भागलं तर पाच. ‘बारा तास’ कुठून आले ते कंपनीलाच ठाऊक. ग्राफिक्स कार्डवाल्या मशिनचा खर्च याच्या दुप्पट सहज होतो, आणि त्याचा चार्जरच अर्ध्या किलोच्या आसपास. रोज एसटीनं ये-जा करणाऱ्यानं चार्जरसकट दोन किलोच्या आत राहावं.

डेस्कटॉपचा विचार का टाकता?

मूल घरी राहून शिकणार, कॉलेजला लॅब आहे, आणि वर्गात लॅपटॉप लागत नाही, असं असेल तर तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. अडचण विजेची. भारनियमनात फाइल जाऊ नये म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस लागतो. तो काम वाचवून मशिन बंद करण्यापुरता, तासभर चालवण्यासाठी नव्हे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं ‘इको’ आणि ‘यूपीएस’ असं बटण आहे का पाहा. बऱ्याच घरांत ते इकोवर असतं, आणि लाइट गेली की पंखा चालू राहतो पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर केलं की बहुतेक वेळा हा त्रास थांबतो.

जुना घ्यायचा तर कंपनीतून निघालेला

बजेट तीस हजारांच्या आत असेल तर नवा एन चिपवाला घेण्यापेक्षा जुना बिझनेस लॅपटॉप बरा: थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४००, एलिटबुक ८४० जी५ या जातीचा. कीबोर्ड दणकट, बिजागऱ्या धातूच्या, आणि या तिन्हींत रॅमचे दोन-दोन स्लॉट आहेत. पण इंटेलची आठवी पिढी ही खालची मर्यादा. सहावी पिढी आणि सातवीतले जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्वस्तात मिळणारे ढीगभर लॅपटॉप नेमके याच कारणानं बाजारात आले आहेत.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी समोर करून घ्या. चालू करताना एफ२ (थिंकपॅडला एफ१, एचपीच्या एलिटबुकला एफ१०) दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, शिरा. पासवर्ड मागितला तर उठून या. मग दुकानदाराला विंडोज रीसेट करायला सांगा आणि तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून नेट द्या. सुरुवातीच्या पडद्यावर एखाद्या संस्थेचं नाव येऊन तिथलाच ईमेल मागितला, तर मशिन त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेलं नाही. तिसरी बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, तिरपी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की एक फाइल तयार होते. तीत मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसते. आताची मूळच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा.

काउंटरवर

एकाच नावाखाली कंपन्या पाच-सहा वेगवेगळी मॉडेलं विकतात. ऑनलाइनचा भाव दाखवून घासाघीस करायची असेल तर खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, नाहीतर दुकानदार बरोबर आणि तुम्ही चूक ठरता. खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पोटावरचा सीरिअल नंबर एक असला पाहिजे. तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते तिथंच मोबाइलवर पाहा. चार महिने आधीची तारीख दिसली तर बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते, पण ते लगेच करा.

वॉरंटी ‘ऑनसाइट’ (माणूस घरी येतो) आहे की ‘कॅरी-इन’ (मशिन आपण न्यायचं) हे विचारा, आणि ऑनसाइट असेल तर तुमचा पिनकोड सांगून विचारा. सांगली शहरात माणूस घरी येतो म्हणून जतला किंवा म्हसवडला येईलच असं नाही. पडणं, पाणी सांडणं साध्या वॉरंटीत येत नाही. त्याचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं. होस्टेलला जाणाऱ्या मुलासाठी ते घेण्यासारखं आहे. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ ही ऑफर मात्र नाकारा. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर विद्यार्थ्याचं नाव आणि सीरिअल नंबर, हे तीनही हवेत.

‘डॉस’ असं लिहिलेला लॅपटॉप स्वस्त दिसतो, कारण त्यात विंडोज नाही. मग दुकानातून पायरेटेड विंडोज टाकून मिळतं आणि वर्षभरात अ‍ॅक्टिव्हेशनचे संदेश यायला लागतात. लिनक्स वापरणारा असेल त्यानं खुशाल घ्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे जवळपास कुणीच पाळत नाही. पहिल्यांदा चालू करताना विंडोज मायक्रोसॉफ्टचा अकाउंट मागतं. दुकानातला पोरगा वेळ वाचवायला स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो. त्यानं दोन गोष्टी होतात. मशिनबरोबर आलेलं कायमचं ऑफिस (वर्ड, एक्सेल) त्या अकाउंटला जोडलं जातं. आणि विंडोज ११ डिस्कला आपोआप कुलूप लावतं, त्याची ४८ आकडी किल्ली त्याच अकाउंटमध्ये जमा होते. पुढं कधी बायोस अपडेट झालं, बोर्ड बदलला, की निळा पडदा येऊन किल्ली मागतो. दुकानदाराला तो ईमेल आठवत नसतो, आणि प्रोजेक्ट आत अडकून पडतो. तेव्हा विद्यार्थ्याचा स्वतःचा ईमेल घरून तयार करून न्या, पासवर्ड पाठ हवा, फोन सोबत हवा. मशिन स्वतःच्या हातानं सुरू करा. घरी आल्यावर त्याच अकाउंटमधून ती किल्ली शोधून कागदावर उतरवा आणि कागद बिलाच्या फाइलमध्ये ठेवा. ऑफिस आलं असेल तर त्याच आठवड्यात सुरू करा, त्याला मुदत असते.

घरी आल्यावर

चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार गावाकडच्या घरांतून नेहमी येते. लॅपटॉप बिघडलेला नसतो. चार्जरच्या आत विजेचा कचरा गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी थोडा प्रवाह अर्थिंगकडे जायचा असतो. घराला अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला असेल, तर तो तुमच्या हातातून जातो. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. चार्जर बदलून उपयोग नाही.

स्वस्त लॅपटॉपात पहिली तुटते ती बिजागरी. तिचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या बारीक पितळी नळ्यांत असतात. झाकण एका कोपऱ्याला धरून रोज उघडलं की सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो, नळी प्लॅस्टिकमधून उखडते आणि एके दिवशी कोपऱ्यातून फट दिसायला लागते. झाकण मधोमध धरून उघडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. फट दिसलीच तर वापर थांबवून लगेच दुरुस्तीला न्या. तसंच उघडझाप करत राहिलं की स्क्रीनची वायर तुटते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

लॅपटॉप हवा पोटाखालून ओढतो. गादीवर, वाकळेवर ठेवला की ती वाट बंद होते, तापमान नव्वदच्या पुढं जातं आणि मशिन जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतं. ‘नवा लॅपटॉप स्लो झाला’ यातल्या बऱ्याच तक्रारी पाट खाली घेतला की मिटतात. ऊसपट्ट्यात पाचट पेटवण्याच्या दिवसांत काजळी घरात येते, ती पंख्यात जाऊन बसते. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. दिवसभर चार्जिंगलाच राहणार असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा.

कृष्णाकाठानं २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे, तेव्हा एकच प्रत ठेवण्याचा धोका इथं वेगळा सांगायला नको. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, जर्नल, कोड आणि ड्रॉइंगला ते पुरतात. त्याशिवाय ६४ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या, दर रविवारी कॉलेजचं फोल्डर त्यात उतरवा, आणि तो लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.